जाणीव निर्माण होईल

विद्यापीठानं मला त्या समितीवर घेतलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सगळा रागच आहे.

समितीचं काम ऐकायला सोपं होतं. कला असो, वाणिज्य असो, अभियांत्रिकी असो की औषधनिर्माण, आमच्या विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला कमीत कमी काय आलं पाहिजे, ते ठरवायचं. सरकारी मराठीत याला ‘सामायिक अध्ययन निष्पत्ती’ म्हणतात. मी सक्करदऱ्याकडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते आणि पर्यावरणाचा सक्तीचा पेपर सगळ्याच शाखांना शिकवते, म्हणून माझं नाव गेलं असावं. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, “म्हणजे पोरांना काय यायला पाहिजे हे आतापर्यंत कोणी ठरवलंच नव्हतं?”

“विषयाविषयाचं ठरलेलं आहे,” मी म्हटलं. “सगळ्यांचं मिळून नाही.”

हा प्रश्न मला फार आवडला होता. सगळ्यांना मिळून काय आलं पाहिजे? भाजी निवडताना, गाडी चालवताना मी त्याचाच विचार करत असे. कोणाचंही ऐकून घेता आलं पाहिजे. बातमी खरी की खोटी ते तपासता आलं पाहिजे. अर्ज करता आला पाहिजे. नाही म्हणता आलं पाहिजे. असं बरंच काही मनात जमवून मी पहिल्या बैठकीला गेले.

तिथे सगळं आधीच तयार होतं. व्यवस्थापनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक अध्यक्ष होते आणि त्यांच्या उजव्या हाताला लॅपटॉप घेऊन बसलेले एक तरुण सर. या सरांनी इतर विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरून निष्पत्त्या उतरवून आणल्या होत्या आणि त्या एकेक करून भिंतीवर दाखवत होते. ‘विद्यार्थी जागतिक नागरिक म्हणून विकसित होईल.’ ‘विद्यार्थ्यात चिकित्सक विचारशक्ती रुजेल.’ ‘विद्यार्थ्यात पर्यावरणविषयक जाणीव निर्माण होईल.’

“हे झालं की नाही, ते कळणार कसं?” मी विचारलं.

“त्याचं कोष्टक आहे ना मॅडम,” तरुण सर म्हणाले. “प्रत्येक निष्पत्ती पेपरातल्या प्रश्नाला जोडायची. मार्क टाकले की टक्केवारी आपोआप निघते.”

“पण जाणीव झाली की नाही, हे मार्कांवरून कसं...”

अध्यक्ष हसले. “मॅडम, तपासणीला लोक येतात, त्यांना कागद दिसला पाहिजे. आयतं मिळून राहिलं तर घेऊन टाकू. चहा येऊ द्या.”

त्या दिवशी मी नुसती हिरमुसली होऊन घरी आले. राग अजून यायचा होता.

तो आला मे महिन्यात. आमच्याकडे परीक्षा मे महिन्यातच होतात. कधी प्रवेश उशिरा होतात, कधी निकाल, आणि शेवटी सगळं ढकलत ढकलत नवतप्यापर्यंत, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांपर्यंत, येतं. आमच्या कॉलेजच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या टिनाच्या पत्र्याखाली आहेत. एरवी तिथे वर्ग भरत नाहीत, मोडके बाक ठेवतात. परीक्षेला मुलं जास्त झाली की त्याच खोल्या झाडून घेतात. एक कूलर लावला होता, पण त्याचा पंप बंद होता, त्यामुळे तो गरम वारा नुसता इकडून तिकडे फेकत होता.

माझी ड्यूटी त्या दिवशी खालच्या मजल्यावर होती. शिपाई धावत आला. “मॅडम, वरते चला. एक पोट्टी पडली. सर म्हणे, लेडीज मॅडमला बोलव.”

मी जिने चढून वर गेले. पुढचं चित्र डोळ्यांपुढून जात नाही. खोली भरलेली. सगळी मुलं आपापल्या जागेवर बसलेली. दोन बाकांच्या मधे बीकॉमच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी जमिनीवर उताणी पडलेली. आणि दारापाशी वाणिज्यचे सर, पर्यवेक्षक, घामानं निथळत ओरडत होते, “कोणी जागेवरून उठायचं नाही! पेपर उलटे करा! काहून उठून राहिला बे तू, बस!”

त्यांना उत्तरपत्रिकांची काळजी होती. गोंधळात कोणी कोणाचं बघून लिहिलं तर केंद्रावर ठपका येईल, ही काळजी.

ती मुलगी मला चेहऱ्यानं माहीत होती. पर्यावरणाच्या तासाला दुसऱ्या रांगेत बसायची. उमरेडकडच्या एका गावातून रोज एसटीनं यायची, उन्हाचा स्कार्फ डोक्याला आणि गळ्याला घट्ट गुंडाळून. तो स्कार्फ अजून गळ्याभोवती तसाच होता. कोणी सैल केला नव्हता. मी हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. घाम नाही. तोंडातून खरखर आवाज येत होता आणि ओढणी छातीवर भिजलेली होती.

“पाणी पाजलं मॅडम,” शेजारच्या बाकावरचा मुलगा म्हणाला. “पण तिनं गिळलं नाही.”

“आणि बाकी? वारा? पाणी अंगावर?”

तो हळूच म्हणाला, “मुलीले हात कसा लावायचा मॅडम?”

मी स्कार्फ सोडला, पिण्याच्या पाण्याचा कॅन आणायला लावला आणि तो तिच्या डोक्यावर, मानेवर, हातांवर रिकामा केला. दोघा मुलांना पुठ्ठे घेऊन वारा घालायला उभं केलं. सर मागून म्हणत होते, “मॅडम, तुम्ही त्यांना उठवू नका ना, पेपर चालू आहे.” मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्या खोलीत मी काय बोलले असते, कोण जाणे. रुग्णवाहिकेला फोन केला तर ती लांब कुठेतरी होती. शेवटी प्राचार्यांच्या गाडीत मागच्या सीटवर तिला आडवी टाकून, डोकं माझ्या मांडीवर घेऊन आम्ही धंतोलीतलं हॉस्पिटल गाठलं.

अपघात विभागात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मुलीला पाहिलं आणि हात चालू ठेवूनच मला विचारायला सुरुवात केली.

“कधी पडली? ओलं कधी केलं? लगेच का नाही?”

मी सांगत गेले.

“बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी कोणी ओतलं?” त्यांचा आवाज चढला. “ते पोटात जात नाही, फुप्फुसात जातं. कोणी सांगितलं तुम्हाला पाणी पाजायला?”

मी म्हटलं, “मी नव्हते तिथे. विद्यार्थ्यांनी...”

“कुठे होतं हे? कॉलेजात?” आता त्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं. “कॉलेजात? आणि एकालाही माहीत नाही? तुम्ही शिकवता काय पोरांना?”

त्या परत मुलीकडे वळल्या. तो प्रश्न माझ्या आत फिरत राहिला. त्या खोलीतल्या प्रत्येक मुलानं पर्यावरणाचा पेपर पास केलेला होता. ‘उष्णतेची लाट : कारणे व परिणाम’ हा प्रश्न मी स्वतः काढला होता आणि स्वतः तपासला होता. उत्तरं चांगली होती. कोणी आकृती काढली होती, कोणी शहरातल्या सिमेंट रस्त्यांबद्दल लिहिलं होतं. त्या मुलीनंही लिहिलं असणार. आमच्या कोष्टकाप्रमाणे त्या सगळ्यांत जाणीव निर्माण झालेली होती.

संध्याकाळी तिची आई आली. शिवणकाम करणारी बाई, बोटाला दोरा गुंडाळलेला तसाच होता. वडील शाळेची व्हॅन चालवतात, ते मागून येणार होते. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, “तिच्याजवळ कोणीच नव्हतं काय हो मॅडम?”

“होते,” मी म्हटलं. “खोली भरलेली होती.”

“मग तिले कोणी उचललं काहून नाही?”



मुलगी वाचली. फुप्फुसात पाणी गेल्यामुळे न्यूमोनिया झाला, मूत्रपिंडांनी काही काळ दगा दिला, बरेच दिवस ती यंत्रावर होती. शुद्धीवर आली तेव्हा बोलणं जड झालं होतं आणि चालताना तोल जात होता. डॉक्टर बाई म्हणाल्या, उष्णता मेंदूपर्यंत पोचली की असं होतं, काही भरून येतं, काही येत नाही. विद्यापीठाचा निकाल लागला तेव्हा त्या पेपरात ती नापास होती आणि पुढच्या सगळ्या पेपरांत अनुपस्थित.

समितीची पुढची बैठक जूनच्या शेवटी होती. मी रात्रंदिवस एकच वाक्य घासत होते, आणि ते घेऊन गेले. वाचून दाखवलं : उन्हानं पडलेल्या माणसाला मदत येईपर्यंत सावलीत नेणं, कपडे सैल करणं, ओलं करून वारा घालणं, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवणं, हे प्रत्येक विद्यार्थी पदवीपूर्वी स्वतःच्या हातांनी करून दाखवील.

तरुण सरांनी लॅपटॉपवरून मान वर केली.

“मॅडम, हे कौशल्य झालं. निष्पत्ती नाही. आणि पातळी फार खालची होते. आपल्याला विश्लेषण, मूल्यमापन, नवनिर्मिती असं वरचं हवं.”

“खालची म्हणजे?”

“म्हणजे... हातानं करायचं.”

अभियांत्रिकीचे एक अधिष्ठाता होते. ते म्हणाले, “आमच्या पोरांना प्लेसमेंटला कोणी हे विचारणार आहे काय? उगीच वेळ जाईल.”

अध्यक्षांनी चष्मा काढला. “हे बघा मॅडम, भावना समजतात. पण विद्यापीठ म्हणजे काही आयटीआय नाही. शिवाय मुलामुलींनी एकमेकांना हात लावायचा, तो नाजूक विषय. उद्या एखादे पालक आले तर?”

इथे माझा आवाज चढला. इतकी वर्षं मी बैठकांमध्ये खालच्या आवाजात बोलत आले आहे, बाईनं तसंच बोलायचं असतं असं कोणी न सांगता शिकले आहे. त्या दिवशी मात्र बाहेरचा शिपाई दारात डोकावून गेला.

“पालक आले होते सर. आई आली होती. तिनं मला विचारलं, उचललं काहून नाही. तुमचं नाजूक म्हणजे काय ते मी त्या खोलीत पाहिलं. मुलगी तडफडते आणि पोरं बसून आहेत, कारण आपण त्यांना बसायला शिकवलं. जागेवरून उठायचं नाही, हीच आपली एक निष्पत्ती खरी उतरली आहे. सगळ्या शाखांमध्ये. शंभर टक्के!”

“मॅडम, भावनिक होऊ नका.”

“मी भावनिक नाही, मी चिडलेली आहे. दोन्हींत फरक असतो. आणि तुम्ही म्हणता मोजता आलं पाहिजे. याच्यापेक्षा मोजायला सोपं काय आहे? करता येतं की येत नाही, एवढंच तर बघायचं. जागतिक नागरिक कसा मोजणार तुम्ही?”

तरुण सरांनी मध्यस्थी केली. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त बैठक संपवायची होती. त्यांनी टाइप करता करता म्हटलं, “आपण असं करू. ‘विद्यार्थ्यांत आपत्ती व्यवस्थापनाविषयी जाणीव निर्माण होईल.’ यात मॅडमचा मुद्दा येऊन जातो. ऑनलाइन प्रश्नमंजूषा ठेवू, प्रमाणपत्र देऊ.”

“छान,” अध्यक्ष म्हणाले. “मंजूर?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मसुदा सहीसाठी माझ्यापुढे आला तेव्हा मी तो तसाच पुढे सरकवला. असहमतीचं पत्र दिलं. ते इतिवृत्ताला जोडलं गेलं नाही. पुढच्या बैठकीचं बोलावणं मला आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

प्रमाणपत्राची ती प्रश्नमंजूषा पावसाळ्यात आली. माझ्या वर्गातल्या मुलांनी ती मोबाइलवर एकमेकांना उत्तरं सांगत दहा मिनिटांत सोडवली आणि सगळ्यांना रंगीत प्रमाणपत्रं मिळाली. एक मुलगा मला दाखवायला आला. मी त्याला विचारलं, “समजा मी आत्ता इथे पडले. काय करशील?” तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, “खरं सांगू मॅडम? पाणी पाजीन.”

तेव्हाच मी ठरवलं. प्राचार्यांकडे सभागृह मागितलं. ते म्हणाले, अभ्यासक्रमात नाही, परवानगी कशाच्या आधारावर देऊ. मी म्हटलं, मग पार्किंगच्या शेडखाली घेते. “तिथे तुम्हाला कोण अडवणार,” असं ते म्हणाले. ती परवानगी आहे असं मी धरून चालले.

धंतोलीच्या त्या डॉक्टर बाईंना फोन केला. वाटलं होतं की नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, “रविवारी येते. पण भाषण करणार नाही. करून घेणार.”

रविवारी पार्किंगमध्ये बरीच मुलं आली होती. काही खरोखर शिकायला, काही बघायला, काही मैत्रिणी येणार होत्या म्हणून. डॉक्टर बाईंनी सतरंजी टाकली आणि म्हटलं, “आजारी माणूस कोण होतं?”

कोणी पुढे येईना. मुलं एकमेकांना ढकलत होती. तेवढ्यात मागून वाणिज्यचे सर आले. ते येणार आहेत हे मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते आणि तेही समोर आले की वाट बदलत होते.

“मी होतो,” ते म्हणाले. बूट काढले आणि इस्त्रीच्या शर्टानं सतरंजीवर आडवे झाले.

मुलांनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर बाईंनी एकेकाला बोलावलं. कॉलर सोडा. पट्टा सोडा. ओला रुमाल मानेला, काखेत. आता कुशीवर. मुलं आधी लाजत, मग नीट, त्यांना वळवत होती. सर डोळे मिटून पडले होते. मुलींची पाळी आली तेव्हा एका मुलीनं विचारलंच, “मॅडम, माणसाले आपण हात लावायचा?” आणि मागून एक मुलगा म्हणाला, “आणि आम्ही मुलीले? लोकं काय म्हणतील?”

मी उत्तर द्यायच्या आधीच पुढे उभी असलेली एक बीएस्सीची पोरगी गर्रकन वळली. “मरू देशील काय मग? लोकं काय म्हणतील म्हणे! चाल, मी पडते. वळव मले.”

ती पडली. त्यानं तिला वळवलं. कान लाल झाले होते त्याचे, पण वळवलं बरोबर.

सर उठले तेव्हा त्यांच्या पाठीला पाणी आणि माती लागली होती. माझ्याकडे आले आणि म्हणाले, “मॅडम, मला नियम माहीत होते. तेवढेच माहीत होते.”

त्यांनी त्या दिवशी सतरंजीवर पडून जे केलं ते सोपं नव्हतं, हे मला कळतं. तरी मी त्यांना माफ केलं असं म्हणणार नाही. माझी माफी मागायचीही नाही. ज्या मुलीची मागायला हवी तिच्याकडे ते नंतर जाऊन आले, असं तिच्या आईनं सांगितलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती मुलगी परीक्षेला आली. आई सोबत होती. चालताना ती अजून भिंतीला हात लावत होती, पण बोलणं बरंच सुटं झालं होतं. अक्षर थरथरत होतं म्हणून जास्तीचा वेळ मिळावा असा अर्ज मी आधीच मंजूर करून घेतला होता. मी तिला भेटायला फाटकापाशी गेले तर ती फळ्यावरची बैठक व्यवस्था बघून परत येत होती.

“कोणती खोली?”

“वरची, मॅडम.”

मी स्वतः जाऊन पाहिलं. आसन क्रमांकाच्या ओळीनं ती बरोबर पत्र्याखालच्या खोलीत आली होती. मी केंद्रप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, एकाला बदललं की सगळी ओळ बिघडते, तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, बिघडू द्या. ते म्हणाले, विद्यापीठाला कळवावं लागेल. मी म्हटलं, कळवा, माझं नाव घालून कळवा, आणि मागच्या वर्षी काय झालं तेही कळवा, ते कोणी कळवलेलं नाही. आवाज वाढला. बाहेर मुलं थांबून ऐकत होती.

“मॅडम, राहू द्या ना,” मुलगी दारातून म्हणाली. “बसते मी वरते. पाणी आणलं आहे.”

“नाही बसायचं,” मी म्हटलं. तिच्यावरच ओरडले, असं नंतर वाटलं.

“मॅडम, तुम्ही प्रत्येक गोष्टीत भांडता,” केंद्रप्रमुख म्हणाले, पण त्यांनी क्रमांक खोडला आणि तिला खाली वाचनालयाशेजारच्या खोलीत जागा दिली. तिथे खिडकीला चालता कूलर आहे. तिनं सगळे पेपर तिथे दिले आणि ती पास झाली. आता उमरेडला एका पतसंस्थेत कामाला आहे.

त्या परीक्षेच्याच सुमारास विद्यापीठाची पुस्तिका आमच्या कॉलेजात आली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर दीक्षान्त समारंभाचा रंगीत फोटो, आत सामायिक निष्पत्त्या. प्राचार्यांनी त्यांचा फ्लेक्स करून दर्शनी भिंतीवर लावला. येणारे-जाणारे पालक थांबून वाचतात. मी रोज त्याच्या खालून जाते.

एका मुलीला मी खाली आणू शकले. बाकीची सगळी पोरं त्याही वर्षी वरच बसली होती, पत्र्याखाली, बंद पंपाच्या त्याच कूलरपुढे.